फुकटची जागा

चौकात गाडी लावायला जागा नव्हती आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

पडदेवाली दारात उभी राहून बाहेर बघत होती. पार्किंग फुकट झाल्यापासून हे रोजचंच झालं होतं. ती शटर वर करेपर्यंत चौक भरलेला असायचा. माणसं उतरायची, गाडीला कुलूप लावायची आणि काचेतल्या नव्या पडद्यांकडे ढुंकूनही न बघता निघून जायची. संध्याकाळी दोन्ही हात भरून परत यायची. पण बाजारातल्या कुठल्याच दुकानाच्या पिशव्या त्यांच्या हातात नसायच्या.

"आपण जिंकलो ना गं?" समोरच्या बूटवालीनं विचारलं.

"जिंकलो की."

"मग मी माशा का मारतेय?"

पडदेवाली पुन्हा चौकातल्या गाड्या मोजू लागली. पार्किंग फुकट करायची लढाई तिचीच होती. गावाबाहेर मॉल उघडायच्या आधीपासून सगळ्या दुकानदारांना धंद्याची काळजी लागली होती. नवरा म्हणाला, "लोक तिकडे का जाणार? इथे गाडी लावायचे पैसे पडतात म्हणून. ते बंद करायला लाव." भाषणही त्यानंच लिहून दिलं. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत खरेदी करत नाही, हे वाक्य त्याचंच. नगरपालिकेच्या सभेत त्यावर टाळ्या पडल्या.

विरोध एकट्या चष्मेवाल्या काकांनी केला होता. ते व्यापारी संघाचे अध्यक्ष. लग्न होऊन ती या दुकानात आली तेव्हा ठोक व्यापाऱ्याशी घासाघीस कशी करायची, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"जागा फुकट दिली की ज्याला काही घ्यायचं नाही, तोसुद्धा येऊन बसतो," ते म्हणाले होते.

"काका, तुमचं दुकान चालतंय म्हणून बोलताय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. ठराव मंजूर झाला, अध्यक्षपद तिच्याकडे आलं. काकांनी शेजारच्या दुकानातून हाक मारणं बंद केलं.

त्या दुपारी ती सरळ गाडीवाल्यांच्या मागे चालत गेली. माणसं नाट्यगृहाला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. तिथे एक निळी बस उभी होती. बसवर मॉलचं नाव होतं. गाडीवाले एकेक करून आत चढले. तेवढ्यात परतीची दुसरी बस आली, आणि तिच्यातून चष्मेवाले काका उतरले.

ते तिला न बघता निघून गेले. ती त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या दुकानात शिरली.

"तिकडे गाळा घेतलात?"

काका चष्म्याची काडी सरळ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही घेतला."

"मग त्यांच्या बसमधून कसे उतरलात? मी अध्यक्ष झाले याचा एवढा राग होता, तर तोंडावर बोलायचं होतं. असा केसानं गळा कापायचा नाही, काका."

"गाड्या कुणाच्या ते बघायला गेलो होतो."

"आणि काय दिसलं?"

काकांनी चष्मा पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

"तू स्वतः जाऊन ये. पण एकटी नको जाऊस. तुझ्या बहिणीला घेऊन जा."

"बहिणीला कशाला? नवऱ्याला नेते."

काका उठून आतल्या खोलीत गेले. उत्तर न देता निघून जाणं म्हणजे कबुलीच, असं तिला वाटलं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. मॉल उघडल्यापासून तो एका मोठ्या ठिकाणी पडदे बसवायला जात होता. निदान ते काम तरी चालू होतं.

"शिडीवर आहे गं. घरी आल्यावर बोलू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग ती एकटीच बसमध्ये चढली. आत तिचीच जुनी गिऱ्हाइकं बसली होती. एका बाईनं सरकून जागा दिली. "बरं झालं बाई, चौकात फुकट लावता येते, गाडीचा प्रश्न सुटला. मॉलचं पार्किंग अजून बांधायचंय म्हणे."

रस्ताभर ती काकांच्या नावानं बोटं मोडत होती. तिथे चष्म्यांचं दुकान दिसलं की आत शिरायचं आणि पाटी कुणाच्या नावाची आहे ते बघायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

चष्म्यांचं दुकान कुठेच नव्हतं. तळमजल्याच्या टोकाला पडद्यांचं एक दुकान मात्र होतं. काचेपलीकडे शिडी होती आणि शिडीवर, तिच्याकडे पाठ करून, तिचा नवरा दांडा बसवत होता.

ती दारातच थांबली. मग तिला सगळं उलगडलं. मोठं काम म्हणजे हे. प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात मजुरी करतो हे सांगायची त्याला लाज वाटली असणार. घरात चार पैसे यावेत म्हणून गुपचूप करत होता बिचारा. आणि काकांनी तेवढंच बघितलं होतं, म्हणून त्यांना तोंड उघडवेना. तिला स्वतःचीच शरम वाटली. परत गेल्यावर आधी काकांची माफी मागायची, असं मनाशी म्हणत ती आत गेली.

गल्ल्यावरची बाई हसून उठली. गळ्यात मापाची पट्टी, पोट सातव्या-आठव्या महिन्याचं. तिनं खुर्ची पुढे केली.

"बसा ना ताई. दुकान आमचं स्वतःचंच आहे, भाव सांभाळून देऊ. माप घ्यायचंय का? थांबा हं, आमचे हे शिडीवरून उतरतायत."