दुसरी प्रत

आपल्या पुस्तकाच्या पाठीवर लाल ठिपका लागल्याचं कळलं, तसे डीन ओफोसुहेने हे जेवण टाकून ग्रंथालयात आले. लाल ठिपका म्हणजे पुस्तक लगद्याला जाणार. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या छाटणीचं कंत्राट आक्राच्या कंपनीला द्यायला त्यांनीच लावलं होतं. आपल्या माणसांचा पुस्तकांवर जीव असतो, बाहेरच्यांना माया नसते, असं सभेत छातीठोकपणे सांगून.

"कुठल्या गाढवानं लावला हा?"

"मी, प्रोफ," कंपनीची मुकादम झिफा म्हणाली. "ठेवायचं असेल तर या चिठ्ठीवर सही करा. मग पुस्तक कायमचं कपाटात. पुन्हा कुणाला रद्दीत काढता येणार नाही."

त्यांनी ऐटीत सही ठोकली. एके काळची आपली विद्यार्थिनी त्यांनी ओळखलीही नाही. झिफाने चिठ्ठी लगेच पुस्तकात डकवली.

"पण कारण काय होतं काढायचं?"

"दुसरी प्रत. मजकूर एकच असला तर जुनी ठेवायची, नवी काढायची. नियम तुमचाच." तिने एक काळ्या बांधणीचा प्रबंध त्यांच्यासमोर उघडला. केटाच्या खाडीतल्या मीठ गोळा करणाऱ्या बायकांवरचा, झिफाच्या नावाचा. मग शेजारी त्यांचं पुस्तक उघडलं. "दोन्हीकडे बघा. 'माझ्या आत्याने मला मीठ खरवडायला शिकवलं.' तुम्ही तर समुद्रापासून लांब कुमासीचे, प्रोफ. केटाला तुमची आत्या कधी नांदायला गेली?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. डीनचा आवाज एकदम मऊ झाला.

"झिफा," ते म्हणाले. नाव आता बरोबर आठवलं होतं. "हे बघ पोरी, नियम तो नियम. माझंच जाऊ दे लगद्यात."

"असं कसं? तुमची सही झालीय."

या घटकेसाठीच तिने ही नोकरी धरली होती, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती. उलट फार बरं वाटत होतं. तिने नखाने लाल ठिपका खरवडून काढला. दोन्ही पुस्तकं दारासमोरच्या कपाटात एकमेकांना खेटून उभी केली आणि हाताने दाबून त्यांच्या पाठी एका रेषेत आणल्या.

डीन अजून तिथेच उभे होते. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी उठली, कपाटाशी गेली आणि दोन्ही पुस्तकं काढून घेऊन आपल्या जागेवर येऊन बसली.