कुमुदताईंची टकळी

गाडी सुरू करण्याआधी चारुदत्तांनी मागच्या सीटवरच्या बायकोला बजावलं, आज टकळी बंद, आज माझी परीक्षा आहे.

परीक्षक म्हणजे त्यांची लेक ऋचा, शेजारी बसलेली. सोमवारपासून तिच्या आभाला खारघरच्या शाळेत आजोबांनी गाडीने सोडायचं की नाही, हे आज ठरणार होतं. आजोबांना त्याची भारी हौस. शिवाय दर पाच वर्षांनी प्रत्येक ड्रायव्हरची परीक्षा घेतलीच पाहिजे, हे रोज पेपर वाचताना तेच तर तावातावाने सांगायचे! मग आता मागे कसे हटणार? आणि भीती तरी कसली? गेल्या खेपेला लायसन रिन्यू करताना ओळखीच्या कमलाकर डॉक्टरांनी चहा पिता पिता सही ठोकली होती. तुमचे डोळे काय तपासायचे, म्हणाले होते.

कुमुदताई ओठ मिटून बसल्या. एरवी चारुदत्तांच्या शेजारी बसल्या की त्यांचं तोंड गप्प म्हणून राहायचं नाही. अगंबाई, त्या हातगाडीवर भाजी काय ताजी आहे. शाळा सुटली वाटतं, केवढी ही पोरं. चारुदत्त वैतागायचे. हिला रस्त्यावरचं सगळं बघायचंही असतं आणि बोलूनही दाखवायचं असतं.

पनवेलातून गाडी झकास बाहेर पडली. कोनच्या रस्त्याला पुढून एक टेम्पो रिव्हर्स घेत येत होता. कुमुदताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात ऋचाने हँडब्रेक खेचला. टेम्पो हातभर अंतरावर राहिला. चारुदत्तांना तो दिसलाच नव्हता.

चारुदत्त उतरले, लेकीला गाडी चालवायला सांगितली आणि मागे बायकोशेजारी जाऊन बसले. आभाचं दप्तर आता आपल्या गाडीत येणार नाही, या विचाराने त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

ऋचाने गाडी वळवून घराच्या दिशेने घेतली. थोडं पुढे गेल्यावर कुमुदताई सवयीने पुटपुटल्या, "अगंबाई, म्हैस बघा केवढी."

मागच्या सीटवर चारुदत्तांचा उजवा पाय, ब्रेक दाबावा तसा, आपसूक खालच्या चटईवर दाबला गेला.

त्यांनी पायाकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"कधीपासून गं?"

"कमलाकरांनी न तपासता सही केली ना," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून."