नुसतं नाव

कान मोडलेला एक पैलवान. सुरतेत उधन्याच्या तालमीत त्याचा फोटो आहे. पोरं मातीत उतरण्याआधी त्या फोटोच्या पाया पडतात.

लूम कामगारांच्या संपात घसा बसेपर्यंत गायलेला एक शाहीर. घसा बसला तो बसलाच.

ओट्यावर मराठी शाळा भरवणारे एक गुरुजी. पाऊस आला की वर्ग समोरच्या देवळात.

इंदुबाईच्या दारात उभी एक रिक्षा. चालवायला कुणी नाही, तरी काच रोज पुसलेली.

"तिघंही भिकन पाटील?" भाईदासने विचारलं.

"तिघंही," इंदुबाई म्हणाली. "आणि तिघंही देवाघरी."

भाईदासला हसू आलं. तो इथल्या खान्देशी मंडळाचा नवा चिटणीस, गेल्याच वर्षी शिरपूरहून सुरतेच्या बँकेत आलेला. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला देवाकडून भीक मागून घेतलेला म्हणून भिकन म्हणायचं, हे त्याला ठाऊक होतं. खान्देशात गल्लीला एक भिकन असतो. पण एकाच नावाची तीन मोठी माणसं, आणि तिघांच्याही माणसांना लिंबायतमधला तोच एक चौक हवा, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

नगरसेवकाने सांगून ठेवलं होतं. चौकाला नाव देतो, पण सगळे मिळून एकच आणा. नाहीतर एका शेठच्या वडिलांचं नाव तयारच आहे.

बैठक मारुतीच्या देवळात बसली. बसली म्हणजे लगेच उठलीच. तालमीतला लखन दंड थोपटून म्हणाला, "पैलवान भिकन पाटील चौक! दुसरं काही लागलं तर पाटी उपटून टाकीन."

"उपट की," शाहिराची शिष्या चंचल म्हणाली. "मेहनतीचं तेवढंच काम जमतं तुला. शाहीर भिकन पाटील चौक, लिहून घ्या."

गुरुजींचे जुने विद्यार्थी विनायकराव चष्मा पुसत राहिले. "पाटी वाचायला शिकवलं कुणी, याचाही विचार व्हावा."

मग जो गलका झाला, त्यात भाईदासने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "एकमत होत नाही असं कळवतो. शेठच्या वडिलांचा चौक होऊ दे."

तेव्हा कोपऱ्यातून इंदुबाई उठली. ती मंडळात नव्हती. घरी साड्यांना खडे चिकटवायची. पण या तिन्ही गटांच्या दारात जाऊन जाऊन, हाताला धरून त्यांना इथवर तिनेच आणलं होतं. राग आला की ती अहिराणीवर यायची.

"नाव तं एकच शे ना? मंग भांडतस कसाले? पुढे काहीच लावू नका. पैलवान नको, शाहीर नको, गुरुजी नको. नुसतं नाव टाका."

ज्याने त्याने मनाशी हिशेब केला: आपल्या माणसांना कळायचं ते कळेलच.

"आणि फोटो?" विनायकरावांनी विचारलं.

"फोटो लावला तर एकाचाच लागेल. तोही नको," इंदुबाई म्हणाली. विनायकरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिली सही केली.

देवळाबाहेर भाईदासने तिला गाठलं. "खरं सांगा इंदुबाई, तुमचा यातला कोणता? पैलवानाचं नाव निघालं की तुम्ही नाक मुरडता."

"लखनच्या तेलाचा वास येतो म्हणून."

"मग शाहीर?"

"गाण्यातलं मला काय कळतं भाऊ? गुरुजींच्या वर्गात अक्षरं शिकले, एवढं खरं."

म्हणजे गुरुजीच. भाईदासने मनात नोंद करून टाकली.

अर्ज वॉर्ड ऑफिसात गेला आणि तिथेच बसला. आज साहेब नाही, उद्या शिक्का नाही. भाईदास कंटाळला. इंदुबाई साड्यांचा गठ्ठा घेऊन बाकावरच खडे चिकटवायला लागली.

"बेन, आखो दिवस अहीं बेसशो?" कारकुनाने विचारलं.

"हो. घरी उजेड कमी येतो."

शेवटी त्यानेच वैतागून फाइल उघडली. "बोलो, शुं नाम राखवानुं छे?"

इंदुबाईने अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

"वांचतां नथी आवडतुं?" तिला वाचता येत नाही असं समजून कारकून हसला.

ती खाली बघून राहिली. मग तिने कोपराने भाईदासला ढोसलं.

"भिकन पाटील चौक," भाईदास म्हणाला. मघाशी आवारातल्या गुजराती पाट्या भराभर वाचत त्याला इथवर आणणारी बाई आता गप्प का, ते त्याला कळेना.

"कोण हता आ भाई?"

"लोगों को मालूम है," इंदुबाई ठामपणे म्हणाली. शिक्का पडला.

उद्घाटनाला तालमीची पोरं फेटे बांधून आली. चंचलने डफ आणला. विनायकरावांनी इस्त्रीच्या कपड्यातले म्हातारे विद्यार्थी आणले. आणि स्टँडवरच्या रिक्षाही आल्या, धुतलेल्या, हार घातलेल्या, चौकाभोवती ओळीने. यांचा यात काय संबंध? गर्दी आहे, भाडी मिळतील म्हणून आले असतील, असं भाईदासला वाटलं.

नगरसेवकाने पडदा ओढला. निळ्यावर पांढरं, नुसतं नाव. "ही सगळी धावपळ या ताईंची," तो म्हणाला. "ताई, पाटी तुम्हीच वाचा."

इंदुबाई पाटीकडे बघत राहिली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "मला नाही घेता येत."

"पैलवान भिकन पाटील अमर रहे!" लखन ओरडला. त्यावर डफ कडाडला, "शाहीर भिकन पाटील..." आणि त्यावर विनायकरावांचा चिरका आवाज, "गुरुजी..." तिन्ही घोषणा एकमेकींत मिसळल्या. तेवढ्यात साऱ्या रिक्षांचे हॉर्न एकदम वाजले आणि कितीतरी वेळ वाजतच राहिले.

१९९४ च्या सप्टेंबरात, प्लेगच्या भीतीने सारी सुरत स्टेशनाकडे पळत होती, तेव्हा आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायला या कोपऱ्यावर एकच रिक्षा थांबून राहिली होती. तिचा चालक, त्याच आजाराने गेलेला भिकन पाटील, हा इंदुबाईचा नवरा.