दहावा माणूस

रब्बींना, म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूंना, धरून नऊ जण ठरले होते. दहावा मिळत नव्हता.

"तुला सोडून दहा लागतात," रब्बींनी पुन्हा बजावलं. "ज्याचा गुन्हा केला तो माणूस हयात नसेल, तर दहा जणांना त्याच्या कबरीपाशी न्यायचं आणि त्यांच्यासमोर गुन्हा बोलून दाखवायचा. अर्धामुर्धा नाही. पुरता."

मास्तरने मान हलवली. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्याचा संबंध लहानपणीच तुटला होता.

बेकरीवाला तयार होता, चष्मेवाला तयार होता. सुतारकाम करणारे दोघे भाऊ तर एकमेकांशी बोलत नसूनही शेजारी शेजारी उभे राहायला तयार होते. "आपल्यात नऊ कायम असतात," बेकरीवाला म्हणाला, "आणि दहावा कायम वाटेत असतो."

दहावा कोण हवा ते मास्तरला माहीत होतं. बायकोचा धाकटा भाऊ.

सात वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी दुकान जळालं. मास्तर दुपारपासून पिऊन आत कापडाच्या गठ्ठ्यांमागे आडवा पडला होता. बायको त्याला शोधत आली, तिने उंबऱ्यापर्यंत ओढत आणून त्याला बाहेर ढकललं, आणि ती स्वतः निघेपर्यंत छप्पर तिच्यावर आलं. सिगारेट पेटवल्याचं मास्तरला आठवत नव्हतं. पण पिणाऱ्याच्या आठवणीवर कोण विसंबणार? सगळे म्हणाले, सिगारेट. मग तोही म्हणाला, सिगारेट. चार वर्षं तुरुंगात काढून आला.

सुटला तेव्हा थंडीचे दिवस होते. ऊब मिळेल म्हणून तो प्रार्थनागृहात शेवटच्या बाकावर जाऊन बसला. हातातलं पुस्तक उलटं धरलं होतं. रब्बींनी नावगाव विचारलं नाही, नुसतं पुस्तक फिरवून दिलं. "हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. तुला जे शेवटचं पान वाटतंय ना," ते म्हणाले, "तिथूनच आपलं पुस्तक सुरू होतं."

त्या एका वाक्यावर मास्तर तीन वर्षं जगला. बाटली सुटली. हाताचा कंप गेला, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जाऊ लागला. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ; मग कामाला हात नाही, विजेच्या बटणालासुद्धा नाही. एकदा तो दिवा घालवायला विसरला, तर रात्रभर तोंडावर चादर घेऊन झोपला, आणि तेवढ्यानेही सुखावला. माणूस बदलतो हे त्याने आधी ऐकलं, मग मानलं, मग एका सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं.

उरली होती ती एकच गोष्ट. ती कबरीपाशी होती.

मेहुणा टपाल कचेरीत खिडकीमागे बसायचा. एके काळी शर्टाची घडी मोडेल म्हणून हा पोरगा बसमध्ये रिकाम्या जागेवरही बसत नसे. ताई गेल्यापासून चुरगळलेल्या कपड्यांत कामावर यायचा. तेही आपलंच पाप, असं मास्तरला वाटायचं.

"दाजी, तुम्ही पहिल्यांदा आलात, मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा आलात, नाही म्हटलं."

"म्हणून तिसऱ्यांदा आलो."

"तीनदा विचारायचं, नियमाने चालता की."

"आता चालतो."

"मी लहानपणापासून चालतोय." मेहुण्याने शिक्का कागदावर आपटला. "काय दिवे लावले?"

मागे रांगेतली बाई खाकरली.

"तुम्हाला सोडून दहा?" मेहुण्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे तुम्हाला धरून अकरा जण असणार तिथे."

"तुला काही बोलायचं नाही. शेवटी फक्त तीनदा म्हणायचं, तुला क्षमा आहे. जीभ रेटली नाही तर नुसते ओठ हलव."

मेहुण्याने बराच वेळ खिडकीची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"येतो," तो म्हणाला.

रविवारी सकाळी अकरा जण कबरीपाशी उभे राहिले. भेटीला आलेल्याने दगडावर एक खडा ठेवायचा, अशी रीत. मास्तर महिन्याला एक ठेवायचा. इथे तर खड्यांची रास होती.

"हिच्याकडे एवढं कोण येतं?" चष्मेवाला पुटपुटला.

मास्तर पुढे झाला. "मी देवाचा गुन्हेगार आहे, आणि हिचा. मी प्यायलो. माझ्या सिगारेटने ही जळाली. जी मला ओढून काढायला आली, तिला मी आत ठेवलं."

"तुला क्षमा आहे," माणसं म्हणाली. एकदा, दोनदा, तीनदा. मास्तर एकच आवाज शोधत होता. तो आला नाही. पण छातीवरचा धोंडा हलला. वाऱ्याने गवत वाकलं, पुन्हा उभं राहिलं. इथून सुरू, त्याच्या मनात आलं. हेच पहिलं पान.

माणसं वळली.

"थांबा," मेहुणा म्हणाला. "कुणी जाऊ नका. हे दहा पुन्हा जमायचे नाहीत."

तो रांगेतून बाहेर आला. पाहुण्याला बसवावं तसं मास्तरला खांद्याला धरून त्याने आपल्या रिकाम्या जागी उभं केलं.

"दाजी, तुम्ही इथे. मोजा आता. मला सोडून दहा भरतात."

रब्बींचा हात दाढीवरच थांबला.

मेहुणा कबरीकडे वळला. बाहीवरची एक सुरकुती तो बोटाने सरळ करत होता. ती होत नव्हती.

"मी देवाचा गुन्हेगार आहे, आणि हिचा," तो म्हणाला. "शब्बाथसाठी शर्ट हवा होता. दुकानात कुणी दिसलं नाही. घाईघाईत इस्त्री फिरवली आणि निघालो. जेवायला बसल्यावर आठवलं, ती चालूच राहिली. कुणालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, पळ. पण सूर्य मावळला होता, आणि बटणाला हात लावायचा नव्हता."