पळपुटा विंचू

"आजारी? ताप आलाय की तंतरलीये?" ओतिलियाने तिकीटखिडकीवर थाप मारली.

जांभळा विंचू आज कुस्तीला येणार नाही, अशी पाटी आखाड्याच्या दारावर लागली होती. हरेल त्याने मुखवटा उतरवायचा, अशी आजची कुस्ती. बारा वर्षांत विंचवाचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. असे मुखवटेवाले घरीसुद्धा ताकास तूर लागू देत नाहीत. गडी पळाला, अशी ओतिलियाची खात्रीच झाली.

"ओतिलियाबाई, आज पहिल्या रांगेतून चप्पल कुणाला मारणार?" मागून कुणीतरी डिवचलं.

आखाडेवाले डॉन एलेउतेरियो गोड हसले. "याच तिकिटावर पुढच्या रविवारी या ना."

"पुढच्या रविवारी तुम्ही तरी असाल का? पैसे परत करा. आत्ता!"

तिला खरंच आत्ताच हवे होते. हे पन्नास पेसो तिने घरच्या डब्यातून गुपचूप उचलले होते. डबा होता लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्याचा, आणि शिंपीण उद्या यायची होती. एरवी रविवारी नवरा बेकरीत असे. आज मात्र नासारियो घरीच होता. काल त्याच्या अंगावर पिठाचं पोतं पडलं होतं. त्याने डबा उघडला तर?

"पैसे दिव्यांत, भाड्यात गेले हो," डॉन एलेउतेरियो म्हणाले.

"मग त्या पळपुट्याकडून वसूल करा!"

"वसूल करा!" साठ माणसं ओरडली.

डॉन एलेउतेरियोंचं हसू मावळलं. "करारात तसं आहे खरं. पण गरीब आहे हो तो."

"चोराला कसली दया?"

ते स्कूटरवर गेले आणि तासाभराने फुगलेली पिशवी घेऊन आले. ओतिलियाने आपली नोट उन्हात धरून दोनदा तपासली. खरी होती.

घरी ती पाय न वाजवता स्वयंपाकघरात शिरली. मक्याच्या पिठामागचा डबा तिने काढला. आत एक बटण तेवढं होतं.

"नासारियो!" तिचा आवाज चिरकला. "झग्याचे पैसे कुणाला दिलेस? कोण आहे ती?"

खाटेवर तो बरगडी धरून कसाबसा उठून बसला.

"पहिल्या रांगेत बसते," तो म्हणाला. "दर रविवारी मला चप्पल फेकून मारते."