जास्तीचा पीळ

जुन्या गाडीच्या सायलेन्सरचा दुसराही बोल्ट मुळाशी तुटला, तेव्हा अण्णांनी भंगारवाल्याला बोलावून घेतलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने हात टेकले होते.

लेक मात्र गाडीखालून हलली नाही. तिने तुटक्या बोल्टवर नट वेल्ड केला आणि तो तापलेला असतानाच त्याला मेणबत्ती घासली. मेण वितळून आट्यांत शिरलं. मग पाना किंचित पुढे, किंचित मागे. तासाभराने तुकडा कुरकुरत बाहेर आला. पाठोपाठ दुसराही.

अण्णांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

तिने नवे बोल्ट ग्रीस लावून आवळले.

“अजून एक पीळ दे,” अण्णा सवयीने म्हणाले.

“नको, अण्णा. पुढे कुणाला तरी ते खोलावे लागतील.”

अण्णांनी गंजके तुकडे तळहातावर घेतले.

“हे मीच आवळले होते.”