डावी बाही

"पूर्ण बाह्यांचाच कुर्ता घाल," साधनाताईंनी लेकीला तिसऱ्यांदा बजावलं. "आणि पटाश्यांचं नावसुद्धा काढायचं नाही."

मे महिन्यातली दुपार. पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत पंखा नुसती गरम हवा फिरवत होता. तरी वेदिकाने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. इलाजच नव्हता, तिचा छंद तसा होता. जुन्या बाजारातून सुतारकामाच्या गंजक्या पटाश्या आणायच्या, गंज उतरवायचा, बाभळीची नवी मूठ बसवायची आणि दगडावर धार लावायची. धार लागली की नाही हे बघायला पटाशी डाव्या हातावरून हलकेच फिरवायची. लव साफ निघाली की जमलं. त्यामुळे बाईसाहेबांचा डावा हात कायम गुळगुळीत, आणि उजवा देवाने दिला तसा.

आधीच्या स्थळाने 'मुलीच्या हातात पटाशी शोभत नाही' असा निरोप धाडला होता, तेव्हा ती खदखदून हसली होती. पण ललित तिला मनापासून आवडला होता. दोनदा भेटूनही तिने पटाश्यांचं सांगायचं टाळलं, ते त्याच भीतीने. आज तो आईला घेऊन बघायला येणार, म्हणून सगळी हत्यारं गोणपाटात बांधून पलंगाखाली गेली होती.

"आमची आई जरा कडक आहे हं," ललितने आधीच सांगून ठेवलं होतं. "मागच्या खोलीला कुलूप लावून चावी कमरेला खोचते. लोणच्याला कुणाचा हात लागायला नको म्हणे. बाबांनासुद्धा आत सोडत नाही."

ललितबरोबर त्याच्या आई मालनबाई आल्या त्या अगदी तशाच. दिंडोरीहून भर उन्हात आलेल्या, तरी ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत आणि बटणं लावलेली. खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी खुर्चीच्या हाताखालून सावकाश अंगठा फिरवला.

धूळ बघतायत! वेदिकाला वाटलं.

"ही खुर्ची कोनी केली?"

"जुनीच आहे," साधनाताई घाईघाईने म्हणाल्या. "दुरुस्तीला दिली होती बाहेर. पोहे घ्या ना."

"सांधा झकास बसलाय," मालनबाई म्हणाल्या, आणि पोह्यांकडे वळल्या.

वेदिका पन्ह्याचे पेले घेऊन आली. ललितने नजर वर केली, तिचं पेल्यावरचं लक्ष उडालं आणि अर्धा पेला तिच्याच डाव्या बाहीवर सांडला.

"चल, धुऊन टाक," मालनबाई ताडकन उठल्या. "वाळलं की लय चिकट व्हतं."

"मी बघते ना," साधनाताई म्हणाल्या, पण तोवर मालनबाईंनी मुलीला स्वयंपाकघरात नेऊन नळ सोडलाही होता. वेदिका नको नको म्हणेपर्यंत बाही वर गेली.

"हे काय?"

"वॅक्सिंग... वॅक्सिंग केलंय."

"दुसरा हात दाखव."

वेदिकाने दाखवला.

"येकाच हाताचं?"

बाहेर ललित कशालातरी हसत होता. ते हसू ऐकून वेदिकाला रडूच आलं. पण खोटं बोलून संसार तरी किती दिवस करायचा?

"मी जुन्या पटाश्यांना धार लावते," ती म्हणाली. "खुर्चीचा सांधाही मीच बसवलाय. आणि ललित मला खूप आवडतो, पण लग्नानंतर हे मी सोडणार नाही. काय ते आत्ताच सांगा."

 मालनबाईंनी नळ बंद केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आतून कडी घातली. मग डाव्या बाहीचं बटण काढून त्यांनी बाही कोपरापर्यंत सरकवली.

मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता.